सलगतेची वही

काम माझं साधं आहे:
कोण कुठे थांबलं, ते लिहून ठेवणं.
गुल्सेरेनच्या पेल्यात चहा किती उरला,
रुचहानच्या कोटाची दुसरी गुंडी लावलेली होती का,
धाकटा तायफुन रडला तेव्हा
पाणी आधी कुठल्या डोळ्यातून आलं.
मध्ये जेवणाची सुट्टी होते, तारीख बदलते,
कुणाचं नाक सर्दीने लाल होतं;
पडद्यावर मात्र भांडण एका दमात झालं पाहिजे.

इस्तंबूलच्या आशियाई काठावर, बंद पडलेल्या कारखान्यात
आमचं स्वयंपाकघर आहे. भिंती तीनच.
चौथीच्या जागी आम्ही तीस माणसं
जाड मोजे घालून, श्वास धरून.
नळाला पाणी नाही.
खिडकीतला बॉस्फरस कापडावर छापलेला,
खरा मागच्या दारापासून शंभर पावलांवर.

भाग एकशे बारावा.
रुचहानचं दिवाळं निघालंय, बहिणीला न विचारता
त्याने घर गहाण टाकलंय.
गुल्सेरेन नवरा सोडून आलीय एका सुटकेसनिशी
(आत रद्दी आहे, मीच भरली).
तायफुन नव्वद दिवस प्यायला नाही.
आज एक्क्याण्णवावा.
आमच्या इमारतीचा चौकीदार मला जिन्यात गाठतो:
"म्युरुव्वेतताई, धाकटा पुन्हा पिणार का हो?"
विचारतो असं, जणू माझ्याच पाठचा कुणी.

माझ्या पाठचा जेवदेत
गेब्झेच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा
चार चार तास यंत्राला जोडलेला असतो.
समोर टीव्ही. आमचीच मालिका बघतो, चुका काढतो.
"टेबलावरचा पाव अख्खा होता, मग अर्धा, मग परत अख्खा.
डोळा लागला होता की काय तुझा?"
त्याला मूत्रपिंड हवंय.
त्याबद्दल चकार शब्द नाही. पावाबद्दल बोलतो.

माझ्या रक्तात साखर, मी बाद.
हाजेरचं जुळेल कदाचित, डॉक्टर म्हणाले.
हाजेर एस्कीशेहिरला.
आईचं घर विकलं तेव्हापासून सहा वर्षं अबोला.
ते भांडण मी कुठे टिपलं नव्हतं, तरी तोंडपाठ आहे:
तिचा डावा हात दाराच्या कडीवर,
माझ्या पेल्यात चहा दोन बोटं,
जेवदेत वाकून बुटाची नाडी बांधतोय,
वर बघायला लागू नये म्हणून
तीच नाडी, तिसऱ्यांदा.

आज सातव्या टेकला गुल्सेरेन म्हणाली,
"विचारायचं तरी होतंस रे,"
आणि पुढचं वाक्य विसरली.
कट. सगळे माझ्याकडे वळले. कुठे होतो आपण?
मी वही उघडलीच नाही.
"डावा हात कडीवर," म्हटलं. "चहा दोन बोटं. भाऊ वाकलेला."
"कडी कुठली?" गुल्सेरेनने विचारलं. "मी तर बसलेय."
दिवेवाला पोरगा फिस्सकन हसला.

सुट्टीत मागच्या दाराने पाण्यापाशी गेले.
नंबर बदलला नव्हता तिने.
दोन रिंगांनंतर उचलला, बोलली नाही.
मागे कुठेतरी टीव्ही, मग तोही बारीक झाला.
सहा वर्षं घोकलेलं सगळं माझ्या तोंडातून गेलं.
म्हटलं, "गुरुवारच्या भागात तो पाव..."

"अख्खा, मग अर्धा, मग अख्खा," हाजेर म्हणाली.
"तुझंच ना ते काम?"

एक फेरीबोट गेली. तिची लाट
फार उशिराने दगडांपर्यंत आली.
जेवदेतचं नाव मी घेतलं नाही. तिनेही नाही.
पण फोन कुणी ठेवला नाही,
आणि आतून माझ्या नावाने हाका सुरू झाल्या:
चहा निवलाय, पेला कुठपर्यंत भरायचा?